टपावरचे नऊ लाख

चि. भाचीबाईस,



तुझा मेल आणि सोबतच्या स्लाइड्स शेजारच्या मुलाकडून छापून घेतल्या आणि दुपारी निवांत वाचल्या. मनापासून काम करणारे कर्मचारी संस्थेला संकटातून कसे तारतात, यावर तुला कंपनीच्या वरिष्ठांसमोर टिपण मांडायचं आहे. विषय चांगला आहे, स्लाइड्स मात्र बेताच्या. पहिल्याच पानावर सूट घातलेली माणसं एकमेकांच्या हातावर हात ठेवून हसताहेत. संकटात सापडलेल्या संस्थेत मी कुणाला असं हसताना पाहिलेलं नाही. ‘मामा, जरा जमिनीवरची उदाहरणं दे ना,’ असं तू लिहिलंस, म्हणून हे लांबलचक पत्र.

चिपळूणपासून सुरुवात करतो. २२ जुलै २०२१. रात्रभर पाऊस कोसळत होता, वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्हींना पूर, त्यात भरती. शहरात पाणी शिरलं ते बघता बघता घरांच्या वरच्या मजल्यांकडे चढू लागलं. एसटीचं आगारही बुडालं. आगार व्यवस्थापकांनी आगारातली रोकड, साधारण नऊ लाख रुपये, उचलली आणि सहकाऱ्यांसोबत एका बसच्या टपावर जाऊन बसले. खाली पाणी, वरून पाऊस. कितीतरी तास ते पैसे सांभाळत तिथंच होते. बातमी महाराष्ट्रभर फिरली, कौतुक झालं.

मला त्या बातमीत सगळ्यात आवडलं ते त्यांचं साधं स्पष्टीकरण. पैसे वाहून गेले असते तर जबाबदारी आपल्यावर आली असती, अशा अर्थाचं ते बोलले. निष्ठा, त्याग वगैरे शब्द नाहीत. आता तुमच्या एचआरमधलं कुणी म्हणेल, ही तर चौकशीची भीती झाली. मी उभी हयात एका फाउंड्रीच्या आस्थापना विभागात काढली, मला हा भेद पटत नाही. सही करून ताब्यात घेतलेली रोकड म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याच्या मनात भीती, अभिमान आणि सवय यांचे वेगवेगळे कप्पे नसतात. पाणी छातीला लागल्यावर तो पिशवी सोडून देत नाही, एवढंच आपल्याला बाहेरून दिसतं. तुमच्या सर्व्हेत एक ते पाच आकडे टाकून ही गोष्ट मोजता येईल का, ते तूच ठरव.

या टपाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्या वर्षी एसटीत पुढं जे घडलं ते तुझ्या टिपणासाठी जास्त महत्त्वाचं आहे. पण आधी दुसऱ्या एका रात्रीबद्दल.

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवरच्या हल्ल्याचं नाव निघालं की सगळे ताजमहाल हॉटेलबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच रात्री सीएसटी स्थानकात उद्‍घोषणेच्या खोलीत विष्णू झेंडे नावाचे रेल्वे कर्मचारी ड्यूटीवर होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला गोळीबार सुरू झाला. झेंडे वरून पाहत होते. लोकलच्या फलाटांवर उतरणाऱ्या प्रवाशांना त्यांनी माइकवरून पुन्हा पुन्हा सांगितलं, तिकडं जाऊ नका, मागच्या बाजूनं बाहेर पडा. त्यांच्या खोलीच्या दिशेनं गोळ्या आल्या, तरी घोषणा चालू राहिल्या. किती जीव वाचले याचा हिशोब कुणालाच मांडता येणार नाही.

त्या स्थानकापासून जवळच कामा रुग्णालय. तिथं प्रसूतीपूर्व कक्षात अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. वीस गर्भवती बायका त्यांच्या हवाली. हल्लेखोर इमारतीत शिरल्याचं कळताच त्यांनी कक्षाचे दरवाजे लावले, सगळ्यांना आतल्या टोकाच्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन बसवलं, दिवे बंद केले. एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या आधारानं प्रसूतीकक्षात पोचवलं. पुढं खटल्यात त्यांनी कसाब या हल्लेखोराला ओळखलं आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर ही हकीकत सांगितली.

रेल्वे आणि सरकारी इस्पितळ. या दोन्ही ठिकाणी ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो सहसा लागत नाही. टीमनं रिसॉर्टवर जाऊन दोरीवरून चालायचं शिबिरही नसतं. तरीही दोघांनी जे केलं ते कुठल्याही कंपनीला हेवा वाटावा असं. माझा निष्कर्ष असा, की माणूस सहसा संस्थेच्या बोधचिन्हासाठी जीव धोक्यात घालत नाही. तो घालतो आपल्या कामासाठी, शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यासाठी आणि समोर असलेल्या माणसासाठी. कुलथेबाईंच्या डोळ्यांपुढं आरोग्य खातं नव्हतं, वीस बायका होत्या. संस्थेला या ओढीचा फायदा मिळतो, पण ती ओढ संस्थेच्या मालकीची नसते. तुझ्या टिपणात हे एक वाक्य आलं तरी पुष्कळ झालं. कारण वरच्या मजल्यावरच्या साहेबांना नेमकं उलटं वाटत असतं.

तुझ्या स्लाइडवर विल्यम कान यांचं नाव पाहिलं, बरं वाटलं. बोस्टन विद्यापीठातल्या या गृहस्थांनी १९९० मध्ये या विषयावर निबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी पोरांच्या उन्हाळी शिबिरातल्या मार्गदर्शकांना आणि एका वास्तुरचनाकारांच्या कंपनीतल्या लोकांना काम करताना जवळून पाहिलं. माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तर थोडक्यात असं: कामाला काही अर्थ वाटला पाहिजे, मन मोकळं केलं तर आपलं नुकसान होणार नाही याची खात्री हवी, आणि अंगात-मनात तेवढी ताकद शिल्लक हवी. तुम्ही स्लाइडवर पहिल्या दोन गोष्टी घेतल्यात, तिसरी गाळलीत. तिसरीला पैसे पडतात म्हणून गाळली असावी, असा माझा आपला संशय. एसटीकडं आल्यावर ही तिसरीच गोष्ट आपल्याला लागणार आहे.

आता कारखान्यातलं उदाहरण घेऊ, कारण तुमचं काम कारखान्याचं आहे. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमधल्या कारिया शहरात आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथं टोयोटाच्या गाड्यांसाठी पी-व्हॉल्व्ह बनत. मागच्या चाकांच्या ब्रेकवरचा दाब आटोक्यात ठेवणारा हा सिगारेटच्या पाकिटाएवढा भाग. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांसाठी तो याच एका कारखान्यातून यायचा, आणि टोयोटाची पद्धत अशी, की साठा जेमतेमच ठेवायचा, लागेल तसा माल यायचा. त्यामुळं चार-पाच दिवसांत जपानमधले टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. यंत्रं जळाली होती, नवी यायला काही महिने लागणार होते.

झालं असं, की आठवड्याभरात गाड्या पुन्हा जवळपास पहिल्यासारख्या बाहेर पडू लागल्या. आयसिननं व्हॉल्व्हचे नकाशे सगळ्यांसाठी खुले केले. साठहून अधिक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर तो भाग बनवायला घेतला आणि त्यांच्या मागं शंभरावर कंपन्या हत्यारं, फिक्स्चर, कच्चा माल पुरवायला उभ्या राहिल्या. त्यांत ब्रदर ही शिलाई यंत्रांची कंपनी होती, जिनं मोटारीचे सुटे भाग कधीच बनवले नव्हते. पहिले हजार व्हॉल्व्ह कुणी दिले? क्योरित्सु सांग्यो नावाच्या एका लहान पुरवठादारानं, आगीनंतर चार दिवसांच्या आत. भाव काय, पैसे कधी, रेखांकनाचे हक्क कुणाचे, यावर त्या आठवड्यात कुणी अडून बसलं नाही.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट कंपन्यांच्या सहकार्याची म्हणून शिकवतात. मला मात्र त्यात लेथवर, मिलिंग मशीनवर उभी असलेली माणसं दिसतात. अनोळखी नकाशा हातात आल्यावर ‘हे माझं काम नाही’ असं न म्हणता, आपल्या यंत्राला काय जोड दिली की हा भाग निघेल, याचा विचार करणारी. टोयोटाच्या गोतावळ्यात कामगाराला चूक दिसली तर त्यानं लाइन थांबवायची असते, सुधारणा सुचवायची असते, आणि हे वर्षानुवर्षं रोजचं होतं. आगीच्या दिवशी त्यांना कुणी नवा गुण शिकवला नाही. रोज जे करायची मुभा होती तेच त्यांनी जास्त वेगानं केलं. तुमच्याकडं एखाद्या ऑपरेटरला पन्नास रुपयांचा बोल्ट बदलायला दोन सह्या लागत असतील, तर आग लागल्यावर तो पहिल्यांदा सह्याच शोधत फिरणार. त्यात त्याचा काही दोष नाही.

यावरून आमच्या फाउंड्रीची गोष्ट आठवली, थोडक्यात सांगतो. आमच्याकडं विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या होत्या. वीज गेली की वितळणं थांबतं, हे कुणालाही कळतं. खरी भीती दुसरीच असते. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं. आत चौदाशे-पंधराशे अंशांचं लोखंड असताना पंप बंद पडून पाणी थांबलं तर कॉइल जाते, आणि वितळलेल्या लोखंडाशी पाण्याची गाठ पडली तर स्फोट. त्यासाठी उंचावर एक राखीव टाकी असते. पंप बंद पडला की तिचा व्हॉल्व्ह उघडायचा. रात्रपाळीत मिट्ट अंधार झाल्यावर तो व्हॉल्व्ह क्षणात कुणाच्या हाताला लागतो, हा प्रश्न. आमच्याकडं तो एका हेल्परच्या हाताला लागायचा. त्यानंच कधीतरी सुपरवायझरला सांगितलं होतं, या वाटेत साचे ठेवू नका, आणि सुपरवायझरनं ते ऐकलं होतं. सुरक्षेचं मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात होतं आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडं. हेल्परचं म्हणणं ऐकून साचे हलवणारा सुपरवायझर ही तुमच्या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

ताजबद्दल दोनच मुद्दे सांगतो, बाकी तुला ठाऊकच असेल. हार्वर्डचे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये त्यावर लेख लिहिला. हॉटेलच्या अकरा कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले आणि बाराशे ते पंधराशे पाहुणे बाहेर पडू शकले, असं त्यात नोंदलं आहे. कर्मचाऱ्यांनी असं वागावं, हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं. वरिष्ठांनाही त्याचं कोडं पडलं होतं. लेखकांनी मग मागं जाऊन शोधलं. माणसं निवडताना गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव पाहिलेला, महानगरांपेक्षा लहान शहरांतून भरती केलेली, दीड वर्ष प्रशिक्षण दिलेलं. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते असं: पाहुण्याच्या भल्यासाठी घेतलेला निर्णय कंपनीला थोडा तोट्यात गेला तरी वरिष्ठ मागं उभे राहतील, हे शिकवलेलं आणि वागूनही दाखवलेलं. दुसरा मुद्दा, कुणी काही चांगलं केलं तर त्याची दखल अठ्ठेचाळीस तासांत घ्यायची, असा तिथं नियम होता. तुमच्याकडं कौतुक वार्षिक स्नेहसंमेलनात होतं. तोवर ज्याचं कौतुक करायचं तो राजीनामा देऊन गेलेला असतो.

आता चिपळूणच्या त्या टपाकडे वळू.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. तेव्हापासून दिवाळी, आषाढी, परीक्षा, लग्नसराई, सगळं एसटीवर. २०२० साली टाळेबंदी आली. २२ मार्चला आपण गॅलऱ्यांत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या आणि घरात बसलो. एसटीचे चालक-वाहक मात्र मुंबईत अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची ने-आण करत होते. एप्रिलच्या शेवटी धुळ्याहून गाड्या राजस्थानात कोट्याला गेल्या आणि तिथं अडकलेली आपली विद्यार्थी पोरं घेऊन आल्या. मे महिन्यात गावाकडं पायी निघालेल्या पाच लाखांहून अधिक मजुरांना एसटीनं राज्याच्या सीमांपर्यंत सोडलं. प्रवासी बंद म्हणून मालवाहतूक सुरू केली, कोकणातले आंबे मुंबईला आले. पुढं बेस्ट बससेवेच्या मदतीला बाहेरच्या जिल्ह्यांतून चालक-वाहक मुंबईत बोलावले गेले, त्यांतले कित्येक जण करोना घेऊन घरी परतले. किती तरी कर्मचारी गेले.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. उत्पन्न बुडालं होतं, हे खरं. डिझेलचा खर्च, तिकिटांतल्या सवलती, वाढत गेलेला संचित तोटा, ही सगळी कारणंही खरी. पण कंडक्टरच्या घरी वाण्याला ही कारणं सांगून किराणा येत नाही. काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या.

हे सगळं सोसून झाल्यावर, २०२१ च्या जुलैत, चिपळूणचे ते लोक टपावर पैसे सांभाळत बसले होते. हे नीट लक्षात घे. पगारासाठी महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणाऱ्या संस्थेचे नऊ लाख.

तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, आधी उपोषण आणि मग संप सुरू झाला. मागणी एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करण्याची. बस एकेका आगारात थांबत गेल्या आणि राज्यातली अडीचशे आगारं ठप्प झाली. नोव्हेंबरात सरकारनं वेतनवाढ जाहीर केली, सेवेच्या वर्षांनुसार अडीच ते पाच हजारांची. तरी बहुतेक जण परतले नाहीत. निलंबनं, बडतर्फी, बदल्या झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं २२ तारखेपर्यंत कामावर रुजू व्हा असं सांगितलं, तेव्हा पाच महिन्यांहून लांबलेला हा संप मिटला. त्या काळात खेड्यांतल्या पोरींची शाळा-कॉलेजं बुडाली, म्हातारी माणसं दवाखान्यात जाऊ शकली नाहीत. संपाची मागणी बरोबर होती की नाही, यावर आपल्या घरातच दोन मतं आहेत. तुझ्या वडिलांचं आणि माझं त्या हिवाळ्यात यावरून चांगलंच वाजलं होतं. तो वाद बाजूला ठेव. मला एवढंच दाखवायचं आहे, की मजुरांना सीमेवर सोडणारे, टपावर बसणारे आणि संपावर जाणारे कर्मचारी एकाच महामंडळाचे होते. दीड वर्षात त्यांचा स्वभाव बदलला नाही. आपण निभावून नेलं त्याची परतफेड काय झाली, याचा हिशोब त्यांनी मांडला.

वाढ आली तीही संप पुकारल्यावर आली, हे त्यातलं सर्वांत वाईट. पगारवाढीचा आकडा लहान नव्हता. पण संपाशिवाय ऐकून घेतलं जात नाही, हा धडा त्या आकड्यातूनच सगळ्यांना मिळाला.

आणि टोयोटानं काय केलं? आगीनंतर आयसिननं पुरवठादारांचा खर्च भरून दिला. टोयोटानं आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम आभारादाखल दिली, आणि त्यांनी ती आपल्या खालच्यांपर्यंत पोचवली. कुणी मोर्चा काढला नव्हता, कुणी मागितलंही नव्हतं. आता तू म्हणशील, मामा, टोयोटाकडं पैसे होते, एसटीकडं नव्हते. बरोबर आहे. पण पैसे नसतानाही करता येण्यासारखं पुष्कळ असतं. अमुक महिन्यात निम्मा पगार मिळेल, उरलेला अमुक तारखेला, असं आगारात येऊन तोंडावर सांगणारा अधिकारी लागतो. हिशोब उघडा ठेवण्याचंही एक उदाहरण आहे: जपान एअरलाइन्स २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा काझुओ इनामोरी यांनी वयाच्या ७८व्या वर्षी विनापगार अध्यक्षपद घेतलं. त्यांनी लहान लहान विभाग पाडून प्रत्येकाला आपापला जमाखर्च दाखवायला लावला, त्यामुळं वैमानिक आणि हवाईसुंदरीलाही आपल्या विभागाचा खर्च दिसू लागला. २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक भाग खाऊन टाकतात: त्यात जवळजवळ सोळा हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा इनामोरींचा दाखला देणार असशील तर हाही आकडा त्याच स्लाइडवर टाक.

एक इशारा. मनापासून काम हा सगळ्यावरचा उतारा आहे, असं टिपणात लिहू नकोस. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ साली बंद पडली. मालकांच्या घरातच भांडणं होती. कामगारांनी कोर्टात झुंज दिली, आपली सहकारी संस्था काढली आणि १९८८ मध्ये कारखाना चालवायचा हक्क मिळवला. देशात असं आधी क्वचितच झालं होतं. त्यांच्याइतकी कामाची ओढ कुणाची असणार? स्वतःच्या घामाचाच कारखाना. काही वर्षं चाललाही. पण पुढं खेळतं भांडवल, जुनी देणी, बाजारातली स्पर्धा यांत तो पुन्हा रुतला. शेवटी २००६ मध्ये कल्पना सरोज यांनी सूत्रं हाती घेतली, देणेकऱ्यांशी तडजोडी केल्या आणि तो मार्गी लावला. कामगारांनी कंपनी मरू दिली नाही, एवढं त्यांचं श्रेय पक्कं. पण ताळेबंद दुरुस्त करायचं काम त्यांच्या निष्ठेवर ढकलता येत नाही. जिथं साहेबलोक ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं फार वेळा म्हणतात, तिथं मी खिशावर हात ठेवतो.

आता तुझ्या सर्व्हेबद्दल. प्रश्नावली अगदीच टाकाऊ नाही. गॅलप या संस्थेच्या बारा प्रश्नांत ‘कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का’ असा एक प्रश्न असतो. तुमच्या साहेबांनी तो पोरकट म्हणून काढून टाकला, असं तू लिहितेस. तो परत घाल. रात्री दोन वाजता फोन वाजल्यावर माणूस कंपनीसाठी उठत नाही, पलीकडच्या मित्रासाठी उठतो.

पण तुमच्या सर्व्हेतली खरी खोट वेगळीच आहे. तो मेलवरून जातो, म्हणजे ज्यांना कंपनीचा मेल आहे त्यांनाच. तूच लिहिलं आहेस, की प्लांटवर निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी आहेत. गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनवाला, लोडिंगची पोरं, सफाईच्या बायका, बॉयलरवरचा हेल्पर. आग लागली, पाणी शिरलं, गॅस गळला, तर रात्रपाळीत पहिल्यांदा तीच माणसं तिथं असणार. त्यांना बाहेर पडायची वाट माहीत आहे का? धोका दिसला तर लाइन थांबवायचा अधिकार त्यांना आहे का, आणि थांबवली तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर अडवणार नाही याची हमी कोण देणार? टाळेबंदीत त्यांतल्या किती जणांना तुमच्या कंपनीनं पगार दिला, हे जुन्या रजिस्टरात सापडेल. ते आधी काढून बघ. त्यांच्यापैकी जे अजून तुमच्याकडं आहेत, ते हे विसरलेले नाहीत.

वरिष्ठांसमोर हे मांडणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. नोकरी नवी आहे, तुझ्यावर कर्जाचा हप्ताही आहे. म्हणून सगळं एकदम मांडू नकोस. एकच मागणी कर: पुढच्या सर्व्हेत कंत्राटी माणसांना घ्या, कागदावर, मराठीत आणि हिंदीत, आणि उत्तरं ठेकेदाराच्या हातात न जाता थेट तुझ्याकडं येऊ द्या. एवढं मान्य झालं तर बाकीचे मुद्दे ती उत्तरंच मांडतील.

मीटिंग झाल्यावर काय झालं ते कळव. हातावर हात ठेवलेल्या माणसांचा तो फोटो मात्र काढून टाक.

आईला नमस्कार, बाबांना संपाचा विषय काढू नकोस म्हणून सांग.

तुझा,
मामा